घामाचे धर्मशास्त्र : सोल ते स्वारगेट

देव कष्टकऱ्याच्या बाजूचा की मालकाच्या, असा प्रश्न आज कामगारांच्या सभेत कुणी विचारत नाही. विचारलाच, तर युनियनवाल्याला तो भाबडा वाटेल आणि देवळाच्या विश्वस्ताला आगाऊ. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण कोरियातल्या गिरण्यांमध्ये आणि शिवणकामाच्या कोंदट खोल्यांमध्ये हा प्रश्न इतक्या नेटाने विचारला गेला, की त्यातून 'मिनजुंग धर्मशास्त्र' नावाची एक विचारपरंपराच उभी राहिली. मिनजुंग म्हणजे दबलेली, कष्टणारी जनता. महाराष्ट्रात हाच प्रश्न त्याच्या शंभर वर्षे आधी विचारला गेला होता, आणि ज्या गंज पेठेत तो विचारला गेला ती स्वारगेटपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

स्वारगेटचा नकाशा या विषयाच्या अभ्यासकाला सोयीचा आहे. मुख्य चौकाला नाव आहे केशवराव जेधे यांचे. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले हे पुढारी पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले. पुणे नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव त्यांनी १९२५ मध्ये मांडला होता. पश्चिमेला सारसबागेशी अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे. उत्तरेला गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, फुलेवाडा. त्याच्या पलीकडे भवानी पेठ आणि नाना पेठ या जुन्या घाऊक बाजाराच्या व हमालांच्या पेठा, आणि दक्षिणेला गुलटेकडीचे मार्केट यार्ड. जेजुरीला जाणाऱ्या गाड्याही येथूनच सुटतात. त्या गाड्यांचा आणि कामगारांच्या रविवारच्या सुट्टीचा संबंध पुढे येईलच.

या लेखात दोन परंपरा शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. माझे म्हणणे असे की महाराष्ट्राकडे श्रमाचे मुक्तिदायी धर्मशास्त्र आहे, पण त्याचा अर्धा भाग आपण 'समाजसुधारणा' या कप्प्यात टाकला आणि उरलेला अर्धा 'युनियन' या कप्प्यात. त्यामुळे ते एकसंध असे कुणाला दिसलेच नाही. कोरियाकडे पाहिले की हे दोन कप्पे जोडून वाचता येतात.

कोरिया : कायद्याचे पुस्तक आणि बायबल

सोलच्या फ्योंगह्वा बाजारात १९६० च्या दशकात शेकडो छोटे शिवणकारखाने होते. एका मजल्याचे दोन करण्यासाठी मध्ये फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे उभे राहिले तर डोके छताला लागे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तिथे दिवसाला चौदा तास काम करत. चॉन थे-इल हा तिथलाच एक तरुण कापड-कापणारा. उपाशी मदतनीस मुलींना तो आपल्या बसभाड्याच्या पैशांतून पाव घेऊन देई आणि रात्री घरी चालत जाई. कामाचे तास ठरवणारा कायदा देशात १९५३ पासून आहे हे त्याला कळले, तेव्हा त्याने पुस्तक मिळवले. चिनी लिपीतल्या शब्दांनी भरलेला तो मजकूर तो अडखळत वाचत असे, आणि आपल्याला कुणी कॉलेजात शिकणारा मित्र असता तर, असे त्याला वाटे. अर्ज झाले, पाहणी झाली, आश्वासने झाली. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने ते कायद्याचे पुस्तक आणि स्वतःचे शरीर एकत्र पेटवले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चर्चच्या रविवार-शाळेत तो मुलांना शिकवत असे.

त्याच्या मृत्यूने विद्यापीठांतले धर्मशास्त्रज्ञ हादरले. अन ब्योंग-मू हे जर्मनीत शिकून आलेले नव्या कराराचे अभ्यासक. मार्कच्या शुभवर्तमानात येशूभोवती सतत जो जमाव दिसतो, त्याला आजवरच्या पंडितांनी नुसती पार्श्वभूमी मानले, हे त्यांच्या लक्षात आले. तो जमाव बाजूला केला तर येशूची गोष्टच उरत नाही, असे ते मांडू लागले. सो नाम-दोंग यांनी दोन ओघांचा विचार मांडला: एक ओघ बायबलमधल्या मुक्तीच्या कथेचा, दुसरा कोरियन जनतेच्या बंडांचा आणि दुःखाचा. त्यात १८९४ चा तोंगहाक शेतकऱ्यांचा उठावही आला. हे दोन ओघ जिथे मिळतात तिथे आज देवाचे काम चालू आहे, असे त्यांचे सांगणे. ह्योन योंग-हाक यांनी गावोगावच्या मुखवटा-नाट्यात मालकांची आणि भिक्षूंची टिंगल करणारी जनता पाहिली. लॅटिन अमेरिकेतल्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचे मुक्तिधर्मशास्त्रावरचे पुस्तक १९७१ चे. कोरियातल्या या विचाराची ठिणगी त्याच्या आधीच, एका शिवणकामगाराच्या देहातून पडली होती.

पण नुसत्या विचाराने संघटना होत नाही. ते काम चर्चच्या औद्योगिक मिशनने केले. जॉर्ज ओगल हे अमेरिकी मेथडिस्ट मिशनरी इंचनमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कामगारांत वावरत होते. सरकारने १९७४ मध्ये त्यांना देशाबाहेर काढले. चो ह्वा-सून या स्त्री-पाळकाने १९६६ मध्ये दोंगिल कापड गिरणीत साधी कामगार म्हणून नोकरी धरली. गिरणीतल्या मुलींना उपदेश करायला गेलेली ही बाई त्यांच्याकडूनच शिकून बाहेर आली. तिने चालवलेल्या छोट्या गटांत स्वयंपाक, शिवण, कायदा आणि बायबल एकत्र चाले. या गटांतूनच १९७२ मध्ये दोंगिलच्या युनियनला स्त्री अध्यक्ष मिळाली. पुरुषप्रधान युनियनांच्या त्या देशात हे प्रथमच घडत होते. १९७८ च्या फेब्रुवारीत युनियनच्या निवडणुकीला आलेल्या बायकांवर विरोधी पुरुषांनी मानवी विष्ठा फेकली. नंतर १२४ जणींना कामावरून काढले आणि त्यांची नावे इतर गिरण्यांना कळवण्यात आली.

पुढच्याच वर्षी केसांचे टोप बनवणाऱ्या वायएच कंपनीच्या मुलींनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठाण मांडले. पोलिसी कारवाईत किम क्योंग-सुक ही तरुण कामगार मरण पावली. त्या धक्क्यातून उसळलेल्या राजकीय वादळात, ऑक्टोबर १९७९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. त्याच महिन्यात सोलमध्ये आशियातल्या धर्मशास्त्रज्ञांची परिषद भरली होती, आणि मिनजुंग धर्मशास्त्राची जगाला ओळख झाली ती तिथून निघालेल्या निबंधांमुळे.

या परंपरेवर टीकाही कमी झाली नाही. कामगाराचे दुःख लिहिणारे बहुतेक प्राध्यापक होते आणि पुरुष होते. झळ सोसणाऱ्या बहुतेक मुली होत्या. १९८७ च्या उन्हाळ्यात जहाजबांधणी आणि मोटार कारखान्यांतले कामगार हजारोंनी संपावर गेले, स्वतंत्र युनियना उभ्या राहिल्या, आणि चर्चच्या आडोशाची गरज कमी झाली. आडोसा गेला तसे धर्मशास्त्राचे तेजही ओसरले. हा मुद्दा ध्यानात ठेवायचा, कारण महाराष्ट्रात गोष्ट नेमकी उलट्या टोकाने सुरू होते.

गंज पेठ : मध्यस्थाशिवायचा देव

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. निर्मीक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, आणि माणूस यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नको, हे त्याचे मूळ तत्त्व. शाळेत मुलांना हे एका ओळीत शिकवले जाते आणि विषय संपतो. पण मध्यस्थ म्हणजे नुसता पूजा सांगणारा नव्हे, तर जन्मापासून तेराव्यापर्यंत कुणब्याच्या कमाईत वाटा सांगणारा. हे फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सणवार आणि विधींची एकेक यादी देऊन दाखवले. म्हणून सत्यशोधकांचे भटाविना लग्न हा विधीचा जितका प्रश्न होता तितकाच मजुरीचाही. जुन्नर तालुक्यात ओतूरला असे लग्न लागले तेव्हा जोशांनी कोर्टात दावा लावला. आमच्याकडून काम घ्या अथवा न घ्या, दक्षिणा आमचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काम न करता मिळणारा दाम आणि दाम न मिळता करावे लागणारे काम, या दोन्हींना धर्माचा आधार असतो हे फुल्यांना स्पष्ट दिसले होते.

येशूबद्दलची त्यांची मांडणी तर कोरियन अभ्यासकांना थेट आपली वाटावी अशी. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले. परका देव घेण्याऐवजी त्यांनी इथल्या शेतकऱ्याच्या दिवाळीतल्या बळीशी त्याचे नाते लावले. सो नाम-दोंग यांचे दोन ओघ शंभर वर्षे आधी गंज पेठेत मिळाले होते ते असे. आणि पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेल्या, त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एका घरात चार धर्मांची माणसे गुण्यागोविंदाने नांदवली. मिनजुंगवाल्यांना बायबल सोडता आले नाही. फुल्यांनी कुठलाच एक ग्रंथ धरून ठेवला नाही.

लोखंडे : खंडोबाचा वार

या विचाराला गिरणीत नेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधू' हे वृत्तपत्र १८८० पासून ते मुंबईत चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई.

सुट्टी कोणत्या दिवशी, यावर मालकांकडे तयार उत्तर होते: रविवार ख्रिस्ती लोकांचा, हिंदू कामगाराला त्याचे काय? लोखंड्यांनी सांगितले की रविवार हा खंडोबाचा वार आहे. गिरणीत घाटावरून आलेला कामगार जेजुरीचा भक्त, घरात टाक पुजणारा. त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांची सभा झाली आणि त्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

ही युक्ती होती असे म्हणून चालणार नाही. लोखंडे सत्यशोधक होते आणि कर्मकांडाचे विरोधक. तरीही कामगाराच्या मनातला देव त्यांनी उपटून टाकला नाही. तो भटाच्या हातून काढून कामगाराच्या वेळापत्रकात आणून बसवला. पूजेचा दिवस विश्रांतीचा झाला आणि विश्रांती हक्काची. त्याच वर्षी मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे ठरवले, त्यामागेही लोखंडे होते. धर्माने लादलेले काम कामगाराने नैतिक कारणासाठी नाकारावे, हे कोरियातही विरळाच.

दोन वाटा

पुढे हे धागे सुटत गेले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला रीतसर धर्मशास्त्र शिकून आले, त्यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि पुण्यात नाना पेठेत अहिल्याश्रम उभा केला. धर्मशास्त्राचे शिक्षण पेठेतल्या शाळांसाठी आणि वसतिगृहांसाठी वापरणारा हा माणूस चो ह्वा-सूनचा पूर्वसुरी म्हणावा असा. पण त्यांना ना स्वजातीने पुरते आपले मानले, ना ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांच्या नव्या नेतृत्वाने.

गिरण्यांतल्या लाल बावट्याने देवाचा विषय बाजूला ठेवला. तसे करताना एक गोष्ट नजरेआड झाली. विणखात्यात धोट्याला नवी कांडी लावताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा पुढच्याला चालणार नाही, म्हणून जास्त पगाराचे ते खाते त्याला बंद होते. विटाळ हा धर्मशास्त्राचा विषय, पगार हा युनियनचा, आणि धोट्यावर दोन्ही एकाच जागी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत नागपूरच्या दीक्षेनंतर काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलताना ते या दोन्ही टोकांना जोडतच होते.

ख्रिस्ती वर्तुळात हा धागा मराठी माणसानेच पुन्हा उचलला. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली, आणि पुढे चेन्नईच्या गुरुकुलात दलित धर्मशास्त्राचा विभाग उभारला. लॅटिन अमेरिकेकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, वर्ग दिसतो तर जात का दिसत नाही? आणि भारतीय चर्चला विचारले, वेदान्ताशी संवाद करता, मग महारवाड्याशी का नाही? पुण्यात मोठी ख्रिस्ती धर्मविद्यापीठे आहेत. तरी पुण्यातल्या हमालांच्या लढ्याला बळ आले ते त्यांच्याकडून नव्हे. ते आले फुल्यांच्या वाटेने चालणाऱ्या एका डॉक्टरकडून.

हमाल पंचायत : बिनमुकादमाची मजुरी

१९५० च्या दशकाच्या मध्याला बाबा आढाव नाना पेठेत दवाखाना चालवत होते. पाठ आणि कंबर धरलेले हमाल तिथे येत. औषध देऊन पुन्हा तेच ओझे उचलायला पाठवण्यात अर्थ नाही हे त्यांना उमगले, आणि हमाल पंचायत उभी राहिली. तेव्हाचे पोते शंभर किलोचे. ट्रकच्या फाळक्याशी वाकायचे, दोघांनी आकड्याने पोते सरकवून पाठीवर द्यायचे, मान खाली, एका हाताने डोक्यावरचा पटका सावरत फळीवरून गोदामात जायचे आणि थप्पीवर अंग झटकून टाकायचे. मजुरी पोत्यामागे, आणि ती मिळायची मुकादमाच्या हातून, मुकादमाच्या मर्जीने. पोते पन्नास किलोचे करा, ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लावून धरली.

मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. कामगार, मालक आणि सरकार यांचे मंडळ; हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांचीही नोंदणी मंडळाकडे; व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची; मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि औषधपाणी द्यायचे. म्हणजे माल आणि मजुरी यांच्यामधला मुकादम कायद्याने बाजूला केला. निर्मीक आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नव्हते. कायदा घासाघिशीतून, मोर्च्यांतून आणि विधिमंडळातून आला हे खरेच. तरी ते तत्त्व आणि हा कायदा या दोन्हींच्या मागे उभे राहून पाहिले तर तक्रार एकच दिसते: कष्ट एकाचे आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती.

कोरियात चर्चने जे दिले ते पंचायतीने स्वतः बांधले. तिथे भेटायला चर्चची खोली होती. इथे हमाल भवन झाले. तिथे गटात एकत्र स्वयंपाक होई. इथे १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाले आणि रस्त्यावरच्या कष्टकऱ्याला परवडणारे ताट मिळू लागले. पतपेढी आली, वसाहत आली, शाळा आली. त्याच काळात, १९७२ पासून, 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम निघाली. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता; त्याचा हा शंभर वर्षांनंतरचा पाठपुरावा. हमालांची संघटना चालवणारा माणूस गावोगावच्या विहिरींवर विटाळाविरुद्ध उभा राहतो, यात धोट्यावर जे तुटले होते ते सांधले जात होते. पुढे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या, बहुतांशी दलित बायकाही या रांगेत आल्या. शहराच्या दृष्टीने त्या घाण होत्या. संघटनेने ओळखपत्र मिळवून त्यांना कामगार म्हणवून घेतले.

विठ्ठलाचाही प्रश्न कामगार चळवळीतूनच आला. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईच्या मुक्तीचे आंदोलन चालवले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवळातल्या बडवे या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्काचे दावे फेटाळले. पुन्हा तोच मध्यस्थ.

जमाखर्च

दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला तर असे दिसते. कोरियात धर्मशास्त्राला कामगार सापडला; ते लिहिले गेले, भाषांतरित झाले, जगभर शिकवले गेले, आणि कामगार स्वतःच्या पायावर उभा राहताच मागे पडले. महाराष्ट्रात कामगाराला धर्मविचार सापडला; तो कायद्यात, मंडळात, भाकरीच्या केंद्रात मुरला, आणि त्यामुळे टिकला. पण लिहिला गेला नाही. फुले-लोखंड्यांचा धर्मविचार साहित्याच्या अभ्यासक्रमात राहिला, माथाडी कायदा कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमात, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. रविवारची सुट्टी गिरणीवाल्याला मिळाली. पोत्यामागे मजुरी घेणाऱ्याला सुट्टी म्हणजे आजही खाडाच. माथाडी मंडळे सर्वत्र पोचलेली नाहीत, आणि माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी या कायद्याची बदनामीही केली आहे. दोंगिलच्या बायकांसारखे नेतृत्व हमालांच्या चळवळीत बायकांकडे फारसे आले नाही. ते आले ते कागद-काच-पत्र्याच्या पंचायतीत.

कोरिया पुणेकरांना आज ठाऊक आहे तो रांजणगावच्या फ्रीज आणि टीव्हीमुळे, तळेगावच्या मोटारींमुळे. त्या देशाच्या कामगारांनी देवाला काय विचारले हे मात्र ठाऊक नाही. आता स्वारगेटला जमिनीखालून मेट्रो येते आणि वर चौकात पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेले डिलिव्हरीवाले मोबाईलकडे पाहत थांबलेले असतात. त्यांचा मुकादम दिसत नाही. तो ॲपमध्ये आहे. दर तोच ठरवतो आणि काम बंदही तोच करतो. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी मंडळ आणि व्यवहारामागे शुल्क असा कायदा केला, आणि त्याची घडण माथाडी कायद्याच्या वळणाची आहे. जी कल्पना महाराष्ट्रात तयार झाली तिचा पुढचा पाठ दुसऱ्या राज्याने गिरवला.

अन ब्योंग-मू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम नेमके केले: कामगाराची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकली आणि तिला धर्मग्रंथाशेजारी जागा दिली. आपल्याकडे ते काम बाकी आहे. जुन्या हमालांच्या, कचरा वेचणाऱ्यांच्या, गिरणीतून आलेल्यांच्या आठवणी नोंदवताना कुणी त्यांना देवाविषयी विचारत नाही. पगार, संप आणि पुढारी एवढेच विचारले जाते. लोखंड्यांनी मात्र दोन्ही विचारले होते, आणि त्या दोन प्रश्नांच्या जोडीतूनच गिरणीकामगाराला आठवड्याचा एक दिवस मिळाला.